सातव्या ओळीतली सतरावी खुर्ची

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाया पडतो असं लिहिलं की तू चिडतेस, आणि नुसतं ‘कशी आहेस’ लिहिलं की म्हणतेस, मोठा साहेब झालास. तेव्हा मधलं काहीतरी समजून घे. गुडघे कसे आहेत? मलम संपलं असेल तर कळव, इथून पाठवतो.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. माझा फोन दुरुस्तीला टाकलाय, म्हणून मीही पत्रच लिहितोय. कागद वहीतला बघून कोड्यात पडू नकोस. प्रेसमधल्या कापून उरलेल्या गुळगुळीत कागदाची तुला सवय झालीय, पण हल्ली तिथे उरलासुरला कागदही कुलुपात ठेवतात. बाकी प्रेसमध्ये सगळं ठीक. काम भरपूर आहे.

आता तुझ्या मुद्द्याचं. तू लिहिलंस, ‘बाई शेवटचं गाणार आहेत असं पेपरात वाचलं. तुमच्याच गावात आहे. एखादं तिकीट मिळालं तर बघ, नाही मिळालं तरी काही बिघडत नाही.’ ताई, तुझं ‘काही बिघडत नाही’ मी लहानपणापासून ऐकतोय. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि तू सतरा. तू आणि बाई एकाच क्लासला, एकाच सतरंजीवर बसून शिकत होतात. दोघींचा आवाज सारखाच पोचतो असं मास्तर म्हणायचे, हे मला तू नाही, शेजारच्या मावशींनी सांगितलं. मग माझा ताप, माझी शाळा, माझे डबे. तू क्लास सोडलास आणि शिलाई मशीनवर बसलीस. तेव्हाही तू ‘काही बिघडत नाही’ असंच म्हणाली असणार.

तेव्हा तिकीट मी काढणार.

खरं सांगायचं तर पहिला डाव हुकला. परवा सकाळी दहा वाजता इंटरनेटवर विक्री सुरू होणार होती. मी कोपऱ्यावरच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर पावणेदहालाच जाऊन बसलो. दहाच्या ठोक्याला बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली, ‘आपण रांगेत आहात. आपल्या पुढे एकतीस हजार चारशे दोन जण आहेत.’ सभागृहात माणसं मावतात दीड हजार! तरी मी बसून राहिलो. आकडा हळूहळू उतरत होता आणि मी वेड्यासारखा खूश होत होतो. अठ्ठावीस हजारांवर आला तेव्हा तिकिटं संपली.

काही तिकिटं सभागृहाच्या खिडकीवर ठेवली होती. एका माणसाला एकच, ओळखपत्र दाखवायचं, खिडकीवरचा कारकून रजिस्टरात नाव लिहून घेणार. काल पहाटेच गेलो तर माझ्या आधी दोनशे माणसं. त्यातली निम्मी तरी गाणं ऐकणारी नव्हती, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. ब्लॅकवाल्यांनी रोजंदारीवर आणून उभी केलेली. त्यांचा म्होरक्या रांगेच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. पोलीस आला की शिट्टी मारतो म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. माझ्या पुढे चाळीस माणसं असताना खिडकीची फळी खाली आली. एक बाई त्या फळीवर नुसता तळहात ठेवून उभी राहिली, बराच वेळ. 

पण तू काळजी करू नकोस. अजून तीन आठवडे आहेत आणि या गावात माझ्या ओळखी आहेत. इतकी वर्षं याच सभागृहाची पत्रकं छापलीत आम्ही. तू फक्त यायची तयारी कर.

तुझा,
तुझ्याच हातचा वाढलेला

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. घाईत लिहितोय, पण बातमी चांगली आहे. तिकीट मिळालं!

कसं, कुठून, ते विचारू नकोस. ओळखीतून मिळालं. एकच आहे, तेव्हा आत तू एकटीच जाशील, मी बाहेर थांबेन. मला गाण्यातलं काय कळतं? मी बाहेर चहा पीत बसेन आणि तू आलीस की चेहऱ्यावरून ओळखेन कसं झालं ते.

तिकीट पोस्टाने पाठवत नाही. गहाळ झालं तर काय करायचं? माझ्याकडेच ठेवतो, दारात तुझ्या हातात देईन. एक मार्चला सकाळी सातची बस पकड, दुपारी एकपर्यंत पोचशील. मी स्टँडवर असेन.

प्रेसवर मला भेटायला येते म्हणालीस, ते नको. तिथे रंगाचा वास, तुला खोकला होतो. सरळ खोलीवर जाऊ.

मागच्या पत्रात ब्लॅकवाल्यांना मी बरंच बोललो. तसे तेही पोटासाठीच करतात म्हणा. आणि दुप्पट-चौपट देऊन विकत घेणाऱ्यांना काय कमी असतं? असो. विषय कुठून कुठे गेला.

  तू ये. तू ये म्हणजे सगळं सार्थकी लागेल.

तुझा,
धाकटा

९ मार्च

ताई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ‘बाईंनी दुसरं गाणं सुरू केलं आणि मला क्लासची खोली दिसली, खिडकीतला उजेडसुद्धा. माझ्या आयुष्यात हे तुझ्यामुळे झालं, बाळा. दारात फाडून दिलेलं अर्धं तिकीट मी जपून ठेवलंय.’ हे मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतोय.

फोन बिघडलेला नाही. तो कधीच बिघडला नव्हता. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं तरी तू विचारतेस, ‘काय लपवतोयस?’ म्हणून पत्रं लिहीत होतो. कागदाला आवाज नसतो.

आज सगळं लिहितो. मधेच थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून जसं आठवेल तसं लिहितो.

प्रेस गेल्या जूनमध्ये बंद पडली. मशीन भंगारात गेली. तेवीस वर्षं ज्या मशीनवर हात ठेवला ती क्रेनने उचलताना मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. तुला कळवलं नाही. उद्या दुसरीकडे लागेन, मग कळवीन, असं म्हणता म्हणता दिवाळं वाजलं. शेवटी एका झेरॉक्सच्या दुकानात लागलो, अर्ध्या दिवसाच्या कामावर. तिथे रंगीत छपाईचं चांगलं यंत्र आहे. मंगळवारी दुकान बंद असतं, पण साफसफाईसाठी किल्ली माझ्याकडे असते.

डिसेंबरात शिट्टी आला. हो, तोच. तुझ्या पत्राच्या आधीपासून मी त्याला ओळखत होतो. त्याने काउंटरवर कुठल्यातरी कार्यक्रमाचं तिकीट ठेवलं आणि म्हणाला, “प्रेसवाले, असं दुसरं होईल का?” मी म्हटलं, “होईल, पण चालणार नाही.” तो हसला. “चालवणं माझं काम.”

मी केलं, ताई. मंगळवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून. जाडीला जाडी मिळेल असा कागद शोधला. फाडायच्या जागेची भोकं पाडायला तुझ्या जुन्या मशीनची सुई वापरली. खूप दिवसांनी हाताला खरं काम मिळालं होतं, आणि काम चांगलं झालं की मला आनंद व्हायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण व्हायचा. विकत घेणारे पैसेवाले असतात, त्यांचा एक दिवस वाया गेला तर काय मोठं, असं मनाशी म्हणायचो. एकाही घेणाऱ्याचा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

बाईंच्या कार्यक्रमाची तिकिटंही मीच केली. दीडशेच्या वर. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. म्हणजे रांगेत माझ्या पुढे चाळीस माणसं राहिली म्हणून मी तुझ्याजवळ हळहळलो, तेव्हा दुकानाच्या फडताळात माझ्या हातची कोरी तिकिटं वाळत पडली होती.

शिट्टीला म्हटलं, या वेळी मला काही देऊ नकोस, फक्त एक खरं तिकीट दे. तो म्हणाला, “दिलं. शब्द माझा.” त्या शब्दावर मी तुला ‘तिकीट मिळालं’ असं लिहून टाकलं. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने पाकीट आणून दिलं. मी उघडलं आणि बघताक्षणी कळलं. माझ्या छपाईत चौकटीच्या काळ्या रेघेला खालच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली होती. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. मला दिसली. त्याने मला माझंच तिकीट दिलं होतं.

मी त्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, “अरे, तुला स्वतःच्या हातावर भरवसा नाही? खरं एकही उरलं नाही. चार नंबरच्या दारावर जा. तिथे मशीन नाही, डोळ्यांनी बघून सोडतात.”

तुला थांबवता आलं असतं. तुझ्या शेजाऱ्यांचा नंबर मला पाठ आहे. अर्धा फिरवला आणि फोन ठेवला. तू नवीन चप्पल घेतलीस असं पत्रात लिहिलं होतंस, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तुला माहीत नाही.

दारापाशी तुझे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी तुला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि चार नंबरच्या रांगेत तुझ्या जागी उभा राहिलो. रांग वळली तेव्हा दिसलं, या दारावरही मशीन होतं. रखवालदार तिकीट मशीनखाली धरायचा, हिरवा दिवा लागला की तिकीट फाडून अर्धं परत द्यायचा. पुढच्या एका तरुण जोडप्याला लाल लागला. मुलगी म्हणत होती, “अहो, आम्ही चौपट देऊन घेतलंय,” आणि रखवालदार म्हणत होता, “कुणाकडून घेतलंत त्याच्याकडे जा.” तिकीट माझं होतं. त्यांचे चेहरे मी पाहिले. पैसेवाले नव्हते ते.

रांगेतून बाहेर पडायचं, तुझ्यापाशी येऊन सांगायचं, असं मी ठरवत होतो. खरंच ठरवत होतो. तेवढ्यात माझ्या पुढच्या बाई मागे वळल्या. सत्तरीच्या पुढच्या, नीट विंचरलेले पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, “जरा बघता का हो, दार चारच लिहिलंय ना? चष्मा पिशवीत कुठे गेला सापडत नाहीये.” आणि त्यांनी आपलं तिकीट माझ्या हातात दिलं.

चौकट अखंड होती. खरं तिकीट.

माझ्या एका हातात त्यांचं, दुसऱ्या हातात माझं. पिशवीत वाकून त्या चष्मा शोधत होत्या. मी म्हटलं, “हो काकू, चारच आहे,” आणि त्यांच्या हातात माझं दिलं.

एवढाच वेळ लागला, ताई. विचार केला असं म्हणायलाही जागा नाही. आणि लगेच तुला हाक मारली, “ताई, ये, आला नंबर!”

तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस तेव्हा मशीनपाशी त्या काकू होत्या. लाल दिवा. त्या म्हणाल्या, “असं कसं? मी स्वतः खिडकीवर घेतलंय, पहाटेपासून उभी राहून.” रखवालदार म्हणाला, “आजी, सगळे असंच म्हणतात. बाजूला व्हा.” तू माझ्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणालीस, “बिचारी. कोणीतरी फसवलं रे तिला. देव त्याचं…” आणि पुढचं बोलली नाहीस, कारण तुझा नंबर आला होता. तुला हिरवा लागला.

आत जाताना तू वळून हात केलास. मीही केला.

ते कोणीतरी मी होतो.

मी पळून जायला हवं होतं, पण पाय निघेनात. पायऱ्यांच्या कडेला त्या काकू बसल्या होत्या. आता चष्मा सापडला होता आणि त्या तिकीट डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. मी जवळ गेलो. मला ओळखून म्हणाल्या, “तुम्हीच ना मघाचे? बघा ना, यावर नववी ओळ, खुर्ची चार लिहिलंय. माझी सातवी ओळ, सतरावी खुर्ची होती.” त्यांनी तिकीट उलटून पाहिलं. “होती ना?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. छत्तीस वर्षं. हजारभर नंबर तोंडपाठ असायचे माझे. मला नंबर चुकत नाही हो.” मग थोड्या वेळाने आवाज बदलला. “पण मुलगा म्हणतो, हल्ली मी विसरते. असेलही. मीच कुठेतरी कोणाकडून घेतलं असेल आणि खिडकीचं डोक्यात बसलं असेल.”

आतून वाद्यं जुळवल्याचे आवाज येत होते. त्या उठल्या, तोल गेला, म्हणून मी रिक्षाने त्यांना घरी सोडायला गेलो. वाटेत त्या बोटं मोजत काहीतरी पुटपुटत होत्या. नीट ऐकलं तर जुने टेलिफोन नंबर म्हणून बघत होत्या.

घरी मुलगा आलेला होता. वाईट माणूस नाही तो, ताई. दमलेला होता. दुसऱ्या टोकाला राहतो आणि दर दोन दिवसांनी आईकडे चक्कर मारतो. सगळं ऐकल्यावर तिला पाणी दिलं आणि मला दाराबाहेर घेऊन आला. म्हणाला, “गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवला होता. आता हे. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला काय वाटतं? तिने खरंच खिडकीवर घेतलं असेल का?”

मी म्हटलं, “सांगता येत नाही.”

तिकीट बदललं ते एका क्षणात, त्याबद्दल निदान घाबरलो होतो असं तरी म्हणता येईल. हे तीन शब्द मी नीट उभा राहून, त्याच्या डोळ्यांत बघून बोललो.

मग परत येऊन तुझी वाट बघत बसलो. तू बाहेर आलीस, डोळे लाल, चेहरा इतका तरुण!  तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मी तो तसाच राहू दिला.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सांगून टाकायचं म्हणून गेलो होतो. दाराला कुलूप. खालच्या शिवणाच्या दुकानातली बाई म्हणाली, “मुलगा घेऊन गेला. डॉक्टरला दाखवलं म्हणे. घर भाड्याने देणार आहेत. म्हातारी जाताना सारखी विचारत होती, माझी किल्ली कुठाय, माझी किल्ली कुठाय. तिच्या हातातच होती.”

ती म्हातारी विसरत असेल, नसेल, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ती काहीही विसरलेली नव्हती. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि आता तुला.

तुझ्याकडचं अर्धं तिकीट मला हवंय. त्याच्यावर नंबर आहे. खिडकीच्या रजिस्टरात त्या नंबरासमोर तिचं नाव असणार. ते नसेल तर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? मुलाला वाटेल, म्हातारीची दया आली म्हणून हा काहीतरी रचतोय. पोलिसांतही जाणार आहे, पण आधी तिच्याकडे.

तुझ्याकडे शेवटचं सुख म्हणून जे काही आहे, ते मागतोय मी. तू ऐकलंस ते गाणं खोटं नाही झालं, असं म्हणायचं होतं, पण मला तसं म्हणायचा हक्क नाही.

पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. मला ऐकवणार नाही.

तुझा
(पुढे काय लिहायचं ते सुचत नाही)

२४ मार्च

ताई,

पाकीट मिळालं. वर तुझं अक्षर, आत अर्धं तिकीट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून चिकटपट्टीने बंद केलेलं. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं. नव्हती. तू पाठवलंस, एवढंही माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे.

काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून लिहितो.

सभागृहाच्या कचेरीत गेलो. कारकून आधी रजिस्टर दाखवेना. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने मला बसवून ठेवलं, साहेबांना बोलावलं, आणि दोघांनी मिळून पान काढलं. ओळीने नंबर. तिचं नाव, तिची सही, सरळ रेषेतली, सुबक. खिडकीवरच्या रांगेत तिचा नंबर अठ्ठाविसावा होता. साहेबांनी त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल दिली आणि म्हणाले, “पोलिसांना आम्हीही कळवणार. तुम्ही आधी पोचलात तर तुमच्याच बऱ्याचं.” मी म्हटलं, मला दोन तास द्या.

मुलाचा पत्ता त्या शिवणवालीने दिला होता. दार त्यानेच उघडलं. काकू आतल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “मी तुम्हाला ओळखते असं वाटतंय. पण माझं वाटणं काही खरं नाही हल्ली.”

मी उभ्यानेच सांगितलं. आधी तिकिटांचं, मग रांगेचं, मग दाराबाहेर मुलाला काय उत्तर दिलं त्याचं. मुलगा मधे उठला आणि माझ्या अंगावर आला. त्या म्हणाल्या, “थांब रे. बोलू दे त्याला.” मी नक्कल आणि अर्धं तिकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं. “सातवी ओळ,” म्हणाल्या. “सतरा.” मग पुन्हा मोठ्याने, “सतरा!” आणि मुलाकडे वळून, “ऐकलंस? मी खिडकीवरच घेतलं होतं.”

तो खाली बसला. “हो आई.”

“मग उद्या मला माझ्या घरी सोड.”

“आई, गॅसचं…”

“गॅसचं झालं ते झालं. तो विसरले मी, मान्य आहे. हे विसरले नव्हते. जे विसरले नाही तेही तू माझ्या माथी मारलंस.”  त्याने होकाराची मान हलवली. रात्री कोणीतरी सोबतीला राहील एवढं त्याने कबूल करून घेतलं.

मी हात जोडले. काय बोललो आठवत नाही. त्या म्हणाल्या, “माफ-बिफ मी करणार नाही हां. पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसून तू मला वेडी होताना बघत होतास. पोलिसांकडे जा, आणि माझं नाव नीट लिहायला सांग, खाडाखोड नको.” मी निघालो. दाराशी पोचलो तेव्हा मागून हाक आली.

“माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं?”

“माझी मोठी बहीण.”

“तिला माहीत होतं?”

“नाही. शपथेवर सांगतो, नाही.”

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, “एक्सचेंजमध्ये दुपारच्या पाळीला आम्ही रेडिओ बारीक आवाजात लावायचो. बाईंचं गाणं लागलं की दोन लायनींच्या मधे जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचं. अख्खं गाणं मी कधी ऐकलंच नाही. कसं झालं त्या दिवशी?”

मी म्हटलं, मी बाहेर होतो.

“मग तिला विचार. पहिल्यापासून सांग म्हणावं. कोणती गाणी, कोणत्या गाण्यानंतर कोणतं, कुठे थांबल्या, कुठे आवाज फिरला. सगळं.”

तिथून मी पोलीस स्टेशनला गेलो आणि जबाब दिला. शिट्टी गावात नाही, त्याचा फोनही बंद आहे, पण त्याचं खरं नाव मी दिलंय. अधिकाऱ्याने बजावलंय, गाव सोडायचं नाही, बोलावलं की हजर व्हायचं. खटला होईल. सजाही होईल म्हणतात. दुकानातली नोकरी गेली, ते होणारच होतं. ते तरुण जोडपं कोण, कुठलं, मला माहीत नाही. त्यांच्यासारखे दीडशे. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच डोळ्यांसमोर येतं.

ताई, तुझ्याकडे आता कोणत्या तोंडाने मागू? पण हे माझ्यासाठी नाही. त्यांचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. सोबत रिकामं पाकीट आहे, पोस्टाचं तिकीट लावलेलं. तुला बाईंचं गाणं जसं कळतं तसं फार थोड्यांना कळतं. कुठे बाईंनी क्लासमधली सुरांची जुनी जागा घेतली, कुठे मास्तर रागावले असते, हे तूच लिहू शकशील. घाई करू नकोस, पण फार उशीरही नको. काकू थकल्यात.

मला नाही लिहिलंस तरी चालेल. त्यांना लिही.

तुझा भाऊ